जाड शून्य

१२ जानेवारी

दादा,

कसा आहेस म्हणून विचारत नाही. बराच असशील. फोन केला तर तू उचलत नाहीस आणि मेसेज केला तर अंगठा पाठवतोस. आत्या न्हाणीघरात घसरून पडली म्हणून कळवलं, तर अंगठा. बाबांच्या मीटरच्या वर्कशॉपचं छप्पर गळतंय म्हणून कळवलं, तर अंगठा. त्या पिवळ्या अंगठ्याची मला आता शिसारी बसली आहे. म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला उत्तर द्यायचं तर निदान पाकीट तरी चिकटवावं लागेल.

काम माझं नाही, आत्याच्या गाईंचं आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

आत्याच्या जावईबापूंनी सासूबाईंवर उपकार म्हणून गोठ्याची सुधारणा केली. नवा पंप, दूध काढायचं मशीन, आणि प्रत्येक गाईसमोर स्टीलचं पाण्याचं भांडं. गाईने आत तोंड घातलं की पट्टी दाबली जाते आणि पाणी आपोआप येतं. दिसायला अगदी झकास. फक्त गाई त्यात तोंड घालत नाहीत. लांबून जीभ काढतात, टोकाने पाणी चाटतात आणि दचकून मागे सरतात. ठिपकी तर भांड्याकडे बघून नुसती फुरफुरते. दूध निम्म्यावर आलंय. गरीब स्वभावाची थोरली, जिच्या पोटाखाली आपण लहानपणी लपायचो असं तू सगळ्यांना सांगायचास (ती हिची आजी होती, पण असो), ती मशीन लावलं की लाथा झाडते.

गुरांच्या डॉक्टरने तोंड पाहिलं, दात पाहिले, शेण पाहिलं, रक्त नेलं. काही नाही. आत्याचं एकच पालुपद, "ठमे, त्या पाण्यात काहीतरी आहे. मला लागत नाही, पण त्यांना लागतंय." यावर जावईबापू माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात आणि म्हणतात, "सासूबाई थकल्या आता."

मला वाटलं, भांड्यांत वीज उतरत असेल. आत्याच्या स्वयंपाकघरात खुंटीला आपला मीटर टांगलेला आहे, तू बाबा गेल्यावर बनवलेल्यांपैकी पहिला, तिला भेट दिलेला. तो काढला. एक तार भांड्याला लावली, दुसरी ओल्या फरशीवर टेकवली. काटा जागचा हलला नाही. त्या जाड काळ्या शून्यावर बसून राहिला. दुसरं भांडं, तिसरं भांडं, तेच. जावईबापूंनी लगेच फोटो काढून आपल्या बायकोला, ताईला पाठवला.

आत्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग माझंच चुकतंय." तिच्या तोंडी हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सर्किट तुझं आहे. एवढंच सांग: मीटर चुकू शकतो का?

ठमी

२७ जानेवारी

दादा,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं, ऑफिसच्या कागदावर, खाली सही. सख्ख्या बहिणीला सही! वाचून हसावं की थुंकावं ते कळेना.

"मीटर उत्तम आहे. शंका असल्यास दुसऱ्या मीटरने पडताळून पाहावे. जनावरांना सवय लागते. दुसरे पाणी बंद करावे, तहान लागली की पितील." पाहावे, करावे. तू कधीपासून असा बोलायला लागलास?

तरी तू सांगितलंस ते सगळं केलं. वर्कशॉपच्या फळीवरचा दुसरा मीटर नेला. शून्य. मग ज्याच्याशी आपण सगळे मीटर जुळवतो तो बाबांचा टेबलावरचा मोठा मीटर शालीत गुंडाळून नेला. तोही शून्य. तीन मीटर, तिघांचं एकमत. बाजारातला स्वस्तातला मीटरही लावून पाहिला, पण त्याची सगळ्यात खालची पायरी दोनशे व्होल्टची. किरकोळ काही असेल तर त्याला पत्ताही लागायचा नाही.

मग जावईबापूंनी तुझं पत्र आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि गाई अजून जिच्यातून पीत होत्या ती अंगणातली पाण्याची टाकी उलटी केली.

आता ऐक, तहान लागल्यावर काय झालं. पुढचं जेवताना वाचू नकोस. गाईंच्या तोंडाला लाळेच्या चिकट तारा सुटल्या. जिभा खरखरीत झाल्या. भांड्यात स्वच्छ पाणी काठोकाठ, आणि त्या समोर उभ्या, माना खाली घालून. ठिपकी मुतायला लागली तशी थोरलीने मान वळवली आणि खालच्या गटारातून ते प्यायला लागली. शेण कालवलेलं मूत. डोळे मिटून पीत होती, चवीने प्यावं तसं. मी बाहेर पळाले.

परत आत आले तर आत्याच्या हातात निळ्या पाइपचा तुकडा होता. नव्या नळाच्या कामातून उरलेला. आपल्या आत्याच्या हातात, दादा. तुला मी बाहुलीच्या डोळ्यात खिळा घालताना पकडलं होतं तेव्हाही जिने तुला हात लावला नव्हता, ती थोरलीच्या तोंडावर पाइप मारत होती आणि ओरडत होती, "पी ना गं! समोर आहे ना! पी!" थोरली हलली नाही. हंबरलीही नाही. जावईबापू मला म्हणाले, "तुम्ही दावं धरा," आणि मी धरलं. का धरलं ते मला विचारू नकोस. तीन मीटरनी शून्य दाखवलं होतं म्हणून धरलं.

संध्याकाळी मी टाकी पुन्हा सरळ केली आणि भरली. जावईबापूंनी लगेच गुरांच्या व्यापाऱ्याला फोन लावला. पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन येतोय. दूध नसलेल्या गाई कुठे जातात ते तुला ठाऊक आहे. आत्या नाही म्हणाली नाही. ती आता कशालाच नाही म्हणत नाही, माझंच काहीतरी बिघडलंय म्हणते आणि पदराने हात पुसत बसते.

तुला इथे यायला वेळ नसेल. निदान त्या सर्किटकडे एकदा पुन्हा बघ.

ठमी

१० फेब्रुवारी

दादा,

ठिपकी गेली. मारकी गेली. तिच्या दोन्ही कालवडी गेल्या. थोरली तेवढी उरली आहे, कारण व्यापारी म्हणाला, "हिची नुसती हाडंच आहेत, पुढच्या खेपेला नेतो." मी आत्याला गाडी दिसू नये म्हणून घरात घेऊन बसले होते, पण आवाज येतोच.

आता मी तुला जे सांगणार आहे ते तुला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण तुझ्या तोंडून ते कधी येणार नाही.

डॉक्टरने जाता जाता एक शहाणपण सांगितलं होतं: उरलेल्या गाईला गाणी ऐकवा, शांत होईल. माझी मती इतकी गुंग झाली होती की मी खरंच वर्कशॉपमधला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर गोठ्यात नेला. जावईबापू हसून हसून लाल. स्पीकर चालू केला आणि फोनला जोडायची पिन माझ्या हातातून निसटून भांड्याच्या स्टीलच्या पायाला टेकून पडली. पिनेचा तारेकडचा भाग ओल्या फरशीला टेकला होता. आणि स्पीकर बोलायला लागला. भों... असा. एकसारखा, जाडजूड, ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिलं की येतो तसा. पिन उचलली की गप्प. टेकवली की भों. पंप सुरू झाला तसा तो आवाज इतका वाढला की थोरली दावं ताणून भिंतीला चिकटली.

शून्याला आवाज नसतो, दादा.

तिन्ही मीटर वर्कशॉपला आणले आणि उघडले. एका छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून थोडी थोडी वीज चढवत गेले. अर्धा व्होल्ट दिला, काटा झोपलेला. आणखी दिला, झोपलेला. पार एक व्होल्टच्या जवळ आल्यावर साहेब जरासे हलले.

डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार, हे तूच मला शिकवलंस. दार उघडायला ढकलावं लागतं, आणि तो जोर दारातच खर्च होतो, हेही तूच. बाबा जर्मेनियमचे डायोड घालायचे, ते दार हलकं. तू घातलेस सिलिकॉनचे. ते प्रत्येकी अर्ध्या व्होल्टच्या आसपास खातात. त्यात चार डायोडचा पूल, म्हणजे वीज एका वेळी दोन दारांतून जाणार. किरकोळ जे काही येईल ते दारातच संपतं, काट्यापर्यंत पोचतच नाही. मोठ्या व्होल्टला हा फरक कोणाच्या लक्षात येणार? गाईला जेवढं लागतं, नेमकं तेवढंच तुझे डायोड गिळून बसले.

टेबलावरच्या मोठ्या मीटरमध्येही तेच. तुझा सोल्डरचा डाग मी कुठेही ओळखीन, मोहरीएवढा गोल चकचकीत थेंब. बाबांच्या मीटरमध्ये बाबांचे डायोड काढून तू आपले बसवलेस आणि मग त्याच्याशी जुळवून बाकीचे पास केलेस. एकाच चुकीने भरलेली मापं, ती एकमेकांशी जुळणारच. आणि मी शालीत गुंडाळून ते घेऊन गेले पडताळणी करायला!

आता शेवटचं. ते जाड काळं शून्य. मी इतकी वर्षं समजत होते की ती तुझी नक्षी आहे, गिऱ्हाइकाला लांबून दिसावं म्हणून. काच काढल्यावर नख लागलं तर कड उचकटली. ती छपाई नाही, चिकटपट्टी आहे. ब्लेडने सोलली. काळा चिकट मळ नखात गेला, अजून वास जात नाही. खाली बाबांच्या वेळच्या बारीक रेघा आहेत, शून्यापासून एक व्होल्टपर्यंत, सगळ्या जागच्या जागी.

म्हणजे तुला माहीत होतं. तू डायोड बदललेस, काटा त्या रेघांवर उठेना, आणि तू सर्किट सुधारायच्या ऐवजी रेघा झाकल्यास. जिथे मीटरला काही कळत नाही तिथे "काही नाही" असं लिहिलंस. फसवणूक करणारे मी पुष्कळ पाहिलेत, जावईबापूंना रोज पाहते. पण ते निदान चकचकीत काहीतरी विकतात. तू इतक्या टापटिपीने केलंस, पट्टीची कड इतकी सरळ कापलीस, की मला तुझ्या हातांचीच किळस आली. आणि लहानपणी मी त्या हातांकडे बघून हे काम शिकले.

ठमी

२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. या वेळी हाताने लिहिलंस म्हणून क्षणभर बरं वाटलं. मग वाचलं.

"जर्मेनियम मिळत नव्हतं. ऑर्डर अडली होती. तात्पुरतं केलं होतं, नंतर राहून गेलं. आणि एक व्होल्टच्या खाली कोण मोजतं? माणसाला तेवढं जाणवतसुद्धा नाही. ऑप-अ‍ॅम्पची चिप टाक, सोपं आहे."

सोपं आहेच. तुझं पत्र यायच्या आधीच टाकला. डायोड अ‍ॅम्प्लिफायरच्या फेऱ्याच्या आत घातला, की दाराला लागणारा जोर अ‍ॅम्प्लिफायर आपल्या पदरचा घालतो आणि काट्याला आलं तेवढं सगळं मिळतं. एक चिप, थोडे रेझिस्टर, दोन बॅटऱ्या. एका दुपारचं काम. तुझं "तात्पुरतं" त्या एका दुपारीपायी इतकी वर्षं चाललं.

आणि हो, माणसाला जाणवत नाही. आत्या रबरी बूट घालून हात लावत होती, तिला कुठून जाणवणार? गाय ओल्या फरशीवर चार पायांनी उघडी उभी असते आणि ओलं नाक स्टीलला लावते. तिला जाणवतं. प्रत्येक घोटाला जाणवतं.

पट्टी सोललेला मीटर घेऊन गोठ्यात गेले. तार टेकवली आणि काटा उठला. अर्ध्याच्या पुढे. पंप चालू केला, आणखी वर. जावईबापू म्हणाले, "हा मीटर बिघडलाय वाटतं, आधीचा बरोबर दाखवत होता." मी त्यांना म्हटलं, "जावईबापू, बूट काढा, अनवाणी उभे राहा आणि ते भांडं चाटून दाखवा." त्यानंतर ते दिसले नाहीत.

वायरमनला बोलावलं. त्याने पंपामागची पेटी उघडली तर परतीच्या तारेचा जोड नुसता पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पुन्हा चिकटपट्टी! या घराण्याला नादच आहे. आत हिरवट पांढरा भुगा आणि त्यात भाजून वाळलेली एक पाल. वायरमन म्हणाला, "ताई, परत जायला वाट नाही मिळाली की वीज ओल्या जमिनीतून वाट काढते." त्याने जोड नवा केला, भांडी, खांब, फरशीतली लोखंडी जाळी सगळं एका तारेने बांधलं. मी मीटर लावला. काटा खाली आला आणि एका बारीक रेघेवर थांबला. खरं शून्य केसाएवढं असतं, दादा. मी ते पहिल्यांदा पाहिलं.

थोरलीला आणलं. ती येईना. आत्याने तिच्या मानेवर हात ठेवला तर तिने डोळे गच्च मिटून घेतले, मार येणार म्हणून. आत्याने हात काढून घेतला आणि लांब जाऊन उभी राहिली. खूप वेळाने थोरलीने जीभ काढली, टोक लावलं, मागे घेतली. पुन्हा लावली. मग नाकपुड्यांपर्यंत तोंड आत घातलं आणि प्यायला लागली. भांड्यातली पट्टी खडखडत होती, पाणी येत होतं आणि ती पीत होती. मान वर काढून श्वास घ्यायची आणि पुन्हा प्यायची.

आत्या मटकन खाली बसली, ओल्या फरशीवर. म्हणाली, "ती मला सांगत होती ना गं?"

मी म्हटलं, "हो आत्या."

"आणि बाकीच्या?"

मी मीटरच्या तारा गुंडाळायला लागले.

मग तिने विचारलं, "आपल्या मीटरला कसं नाही कळलं?" आपल्या मीटरला. मला तुझं नाव घेता आलं नाही. तोंडाशी आलं होतं, पण तिचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "जुना झालाय तो." तर म्हणाली, "मग शास्त्रज्ञाला कळव. तो नीट करून देईल."

अजूनही शास्त्रज्ञ म्हणते तुला. फोन उचलत नाहीस तर कामात असेल म्हणते.

व्यापाऱ्याला नको येऊ म्हणून कळवलंय. ज्यांच्या ज्यांच्याकडे आपले मीटर आहेत त्यांना मी लिहिणार आहे की ती पट्टी सोला आणि मीटर माझ्याकडे परत पाठवा. ते मी निस्तरीन. आत्याचं मी निस्तरणार नाही. तू ये. गोठ्यात तिच्यासमोर उभा राहा आणि आपल्या तोंडाने सांग. शिव्या देणार नाही ती, तुला माहीत आहे. म्हणूनच तू येत नाहीस.

ठमी

९ मार्च

दादा,

तुझा अंगठा मिळाला.

एवढं मोठं पत्र तू वाचलंस, घडी केलीस, फोन उचललास आणि ते पिवळं चित्र पाठवलंस. मी आत्याशेजारी बसले होते, फोन वाजला. तिने विचारलं, "कोण गं?"

"दादा."

तिचा चेहरा असा खुलला की मला मान खाली घालावी लागली. "काय म्हणतोय?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"ठीक आहे म्हणतोय."

"काय ठीक आहे?"

मग मी सांगितलं. डायोड, पट्टी, बाबांच्या रेघा, सगळं. सोललेली पट्टी मी डबीत ठेवली होती, ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बोटाने उलटसुलट केली. बोटाला चिकटली ती काढायला तिला वेळ लागला. मला वाटलं होतं रडेल, किंवा नेहमीसारखं तुझ्या बाजूने काहीतरी बोलेल. तिने एकच विचारलं.

"त्याला माहीत होतं?"

"हो."

ती उठली आणि गोठ्यात गेली. थोरली आता तिला हात लावू देते, पण तो हात डोक्याच्या वर गेला की अजून डोळे मिटते. आत्याने दारामागचा निळा पाइप काढला आणि मला आणून दिला.

"हा बांध आणि त्याला पाठव," म्हणाली. "मारलं मी. पण हा त्याचा आहे."

सोबतच्या पार्सलात तो आहे. एका टोकाला थोरलीचे केस चिकटलेले आहेत. मी धुवायला घेतला होता, आत्याने धुऊ दिला नाही.

ठमी